अगदी हाच रंग

सभागृहात टाळ्या पडत होत्या तेव्हा चिगुसा इवात्सुकीचं लक्ष पडद्याकडे नव्हतं आणि टाळ्यांकडेही नव्हतं. पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याच्या हातांकडे ती बघत होती. नव्वदी उलटलेले तोकुजी काजीउरा मांडीवरच्या बोचक्याची गाठ पुन्हा बांधत होते. फिल्म सुरू व्हायच्या आधी त्यांनी ती अर्धी सोडली होती, काहीतरी दाखवायला आणलं असावं. आता ते रुमालाची दोन्ही टोकं सारखी करून गाठ सावकाश आवळत होते, जसं काही दाखवायचं नव्हतंच.

फिल्म होती आमच्या नागोयातल्या ओसुच्या बाजारपेठेची, युद्धाच्या आधीची, कृष्णधवल. कुणाच्या तरी माळ्यावर गंजक्या डब्यात पडली होती. शहरातल्या एका छोट्या संग्रहालयाने ती मिळवली आणि चिगुसाकडून रंगवून घेतली. वाफाळणारी रताळी विकणारा, सायकलवर एका हाताने शेवयांच्या ताटल्यांची चळत सांभाळणारा पोऱ्या, देवळाच्या कबुतरांना हुसकणारी म्हातारी. आणि मधूनच डावीकडून उजवीकडे जाणारी एक बाई. पाठीवर तान्हं मूल, मुलासकट अंगाभोवती घेतलेला कापूस भरलेला सैल डगला, म्हणजे नेन्नेको, आणि तिची बाही धरून फरफटत चाललेला पाचेक वर्षांचा मुलगा. मुलगा कॅमेऱ्याकडे टक लावून बघतो. बाई बघत नाही. तिला घाई आहे.

संग्रहालयाचे हाचियासान हातात माइक घेऊन पहिल्या रांगेशी आले होते. गोल चेहऱ्याचा, सतत घाम पुसणारा माणूस.

"काजीउरासान, तो मुलगा तुम्हीच ना?"

"मीच. नाक पुसलेलं नाही, त्यावरून ओळखायचं."

लोक हसले. हाचियासाननी पडद्यावरचं चित्र थांबवायला लावलं. "आणि आईच्या अंगावरचा रंग? बरोबर आलाय ना?"

पडद्यावर तपकिरी नेन्नेको होतं. कडक चहाच्या गाळासारखं तपकिरी. काजीउरासाननी बराच वेळ ते पाहिलं. मग वळून चिगुसाकडे पाहिलं, किंचित वाकले, आणि माइकमध्ये म्हणाले, "होय. अगदी हाच रंग."

तेव्हा टाळ्या पडल्या. हाचियासानच्या सगळ्यात मोठ्या. कारण ओसुच्या बाजारात त्या दिवशी त्या बाईच्या अंगावर तपकिरी नव्हतं हे सभागृहात तिघांना ठाऊक होतं, आणि त्यातले एक हाचियासान होते.

झालं होतं असं. रंग भरायच्या आधी संग्रहालयाने आठवणींची बैठक भरवली होती. जुन्या ओसुचे दहाबारा म्हातारेम्हाताऱ्या, चहा, उकडलेल्या रताळ्याचे गोड लाडू. चिगुसाचं कामच तसं. यंत्र पहिला हात मारतं, पण यंत्राला काही आठवत नाही, ते अंदाज बांधतं, आणि जिथे अंदाज चालत नाही तिथे तपकिरी फासून मोकळं होतं. मग माणसाने बसून एकेक रंग शोधायचा, कुणाच्या पेटीतल्या चिंधीवरून, कुणाच्या डोक्यातून. एका वर्तमानपत्राला तिने एकदा सांगितलं होतं, "मला ठाऊक नाही तो रंग मी भरत नाही." ते कात्रण हाचियासाननी कचेरीतल्या फ्रिजवर चिकटवलं होतं. तेव्हा तिला ते छान वाटलं होतं. आता त्या फ्रिजमधून दूध काढायचीही तिला लाज वाटते.

बैठकीत ट्रामच्या रंगावरून दोन म्हाताऱ्यांची जुंपली. छपरांच्या कौलांवरून आणखी दोघांची. काजीउरासान गप्प बसून होते. आयुष्यभर ट्राम चालवलेला माणूस, पण ट्रामच्या भांडणातही पडले नाहीत. शेवटी बाकीचे उठून गेल्यावर चिगुसाने त्यांना आईबद्दल विचारलं, तर म्हणाले, "लाल."

"कसला लाल?"

"लाल म्हणजे लाल. त्यावर तागाच्या पानांची नक्षी."

"नेन्नेको लाल होतं? आईंचं?"

"होय," ते म्हणाले आणि पेल्यातल्या चहाकडे बघत बसले. मग ती म्हणाली, "जरूर विचार करू." आमच्याकडे या वाक्याचा अर्थ ‘नाही’, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

पण तिने विचार केला होता, हे तिच्या बाजूने सांगायला हवं. घरी येऊन तिने नेन्नेको लाल केलं. केल्याबरोबर सगळी गल्लीच बदलली. इतका वेळ ती बाई गर्दीतली एक होती, आता ती कुणाची तरी आई होऊन चालायला लागली. हेच बरोबर आहे, हे तिला तिथे बसल्या बसल्या कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी हाचियासान बघायला आले. तिला ते मानाने सेन्सेई म्हणायचे, गुरुजींना म्हणतात तसं. "सेन्सेई, हे काय? आगीचा बंब?"

"काजीउरासान म्हणाले, लाल."

"अहो, पाच वर्षांचं पोर होतं ते. पोरांना आई नेहमी रंगीतच आठवते. तीन पोरांची आई, त्यांनीच बैठकीच्या अर्जात लिहिलंय, ते तसले दिवस, साधं राहा म्हणून गल्लोगल्ली पाट्या, आणि ही बया लाल घालून बाजारात? प्राध्यापक ओगिसो येणार आहेत बघायला. कपड्यांवर पुस्तकं लिहिलीत त्यांनी. सोलून काढतील आपल्याला."

ओगिसोंचं नाव ऐकल्यावर चिगुसाने पडद्यावरचा लाल पुन्हा पाहिला. तिची आजी म्हणायची, लग्न झालं की बाईने लाल रंग पेटीत ठेवून द्यायचा. नियम तिला पाठ होते आणि म्हाताऱ्याचा शब्द सोडून हाताशी दुसरा पुरावा नव्हता. तिने लाल रंग पुसला नाही, नुसता झाकला. एक बटण दाबायचं. खालून यंत्राचा तपकिरी आपोआप वर आला. तो कुणाला खटकणार नव्हता, कुणी त्यावर प्रश्न विचारणार नव्हतं. प्राध्यापकांच्या भीतीने तिने एका म्हाताऱ्याचा शब्द बाजूला सारला आणि त्याला काळजीपूर्वक काम असं नाव दिलं.

आणि तरी तो माणूस उभा राहून म्हणाला, अगदी हाच रंग.

खेळ संपल्यावर तो तिच्याजवळ येऊन वाकला. "आपल्याला फार कष्ट पडले असतील, सेन्सेई." तीही वाकली. दोघांना ठाऊक होतं, आणि दोघं वाकून उभे होते. बोचकं त्याने काखेत घट्ट धरलं होतं. चिगुसाला वाटलं, यापेक्षा चारचौघांत थोबाडीत मारली असती तर बरं.

आठवडाभर तिला काही सुचलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाला बजावून पाहिलं, पण ते बोचकं डोळ्यांपुढून हलेना. कुणी आपल्यासाठी काही केलं की खाऊ घेऊन आभाराला जायचं, ही रीत आहे, आणि रीत असली की माणसाला आत घुसायला दार मिळतं. तिने उइरोचा, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या मिठाईचा, डबा घेतला, दुकानातल्या मुलीकडून नीट कागदात बांधून घेतला आणि शहराच्या आत्सुता भागात काजीउरांच्या घरी गेली.

दार उघडलं त्यांच्या मुलीने. सानाए, साठीची, केस कापायचं दुकान चालवणारी. खांद्यावर कुणाचे तरी केस पडलेले.

"बाबा कोपऱ्यावरच्या सार्वजनिक न्हाणीघरात आंघोळीला गेलेत. दुपारी बंब पेटला रे पेटला की हे हजर. कोरं पाणी लागतं त्यांना. या आत."

चिगुसाने डबा दोन्ही हातांनी पुढे सरकवला. "अगदीच किरकोळ आहे. आभार मानायला आले होते."

"कशाचे?"

सानाएने डब्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं.

"मी केस कापते, बाई. मला गोडगोड बोलता येत नाही, गिऱ्हाइकं त्यावरून चिडवतात मला. तुम्ही त्यांना विचारलं होतं ना? आणि त्यांनी सांगितलं होतं ना?"

"हो."

"मग?"

"मी घाबरले," चिगुसा म्हणाली. दुसरं काही सांगण्यासारखं नव्हतं.

सानाए उठली आणि देव्हाऱ्याच्या खालच्या खणातून ते बोचकं घेऊन आली. गाठ सोडली. आत एक टोपी होती, कापूस भरलेली, मानेपर्यंत येणारी, युद्धात बॉम्बच्या वेळी पोरं डोक्यावर घ्यायची तसली. जुन्या पायपुसण्यासारखी काळी, कडक. चिगुसाला वाटलं आपण उगाच घाबरलो, ही तर काळीच आहे. मग सानाएने आतली शिवण दोन बोटांनी उलटली. टाके सैल झाले होते, आतून दुमडलेल्या कापडाची बोटभर पट्टी बाहेर आली. लाल, नव्यासारखी. तिच्यावर तागाच्या अर्ध्या पानाची पांढरी रेघ.

"नेन्नेको होतं ते हेच," सानाए म्हणाली. "आणि नेन्नेकोच्या आधी माझ्या आत्याचा किमोनो. हिसा तिचं नाव. मुलींचा सातव्या वर्षी सण करतात, त्याला शिवलेला. सण झाला, आणि थंडी सरायच्या आत ती घटसर्पानं गेली. आजीनं, बाबांच्या आईनं, किमोनो उसवला आणि धाकट्यासाठी नेन्नेको केलं. थोरलीची ऊब धाकट्याला. आळीतल्या बायका म्हणायच्या, तीन पोरं झाली तरी हिची नटायची हौस फिटेना. आजी नुसती हसायची. तिनं कुणाला कारण सांगितलं नाही, मग बाबा तुमच्या बैठकीत चहाबरोबर सांगणार होते होय?"

चिगुसा टोपीकडे बघत राहिली. तीन पोरांची आई, हे तिनेही हिशेबात धरलं होतं. पडद्यावर दोनच दिसत होती. तिसरं कुठे आहे, हे तिने विचारलं नव्हतं.

"पोर मोठं झालं, मग उरलेल्या कापडाची ही टोपी. बॉम्बच्या भीतीनं बाबांना शाळेबरोबर लांब मिकावाच्या एका देवळात राहायला धाडलं ना, तेव्हा दिली. तिथली कार्टी म्हणायची, नवरी आली, नवरी आली. आकाशातून एवढं एकच डोकं दिसेल, तुझ्यापायी आम्ही मरू. तर यांनी काय केलं, न्हाणीच्या चुलीतली काजळी पाण्यात कालवली आणि टोपीला फासली. शिवणीतसुद्धा गेली असती, पण काजळी संपली." सानाएने टोपी उताणी केली. "मग आजी भेटायला आली. एवढा प्रवास करून, रताळी घेऊन. टोपी पाहिली तिनं. काय म्हणाली असेल?"

"ओरडल्या?"

"म्हणाली, छान झालाय रंग, तुला शोभतो."

बाहेर रस्त्यावरून जुने कागद गोळा करणारी गाडी भोंगा लावून गेली. ती लांब जाईपर्यंत सानाए थांबली.

"मार्चच्या बॉम्बमध्ये ती आणि धाकटा काका, दोघंही गेले. घर, फोटो, सगळं. बाबा एकदा दारू पिऊन म्हणाले होते, ओरडली असती तर मी रडलो असतो, आणि संपलं असतं. त्यांना तिला एकदा लाल नेन्नेकोत बघायचं होतं. चारचौघांत. लोकांना सांगायचं होतं की बघा, ही माझी आई, आणि हे ते कापड. म्हणून टोपी घेऊन गेले होते. आणि तुम्ही तिला परत काजळी फासलीत."

चिगुसाचे कान तापले. डोळ्यांत पाणी आलं असतं तर तिला बरं वाटलं असतं, पण आपण रडून या बाईकडून समजूत काढून घेऊ, याचीही तिला लाज वाटली.

तेवढ्यात दार सरकलं आणि डोक्यावर ओला टॉवेल टाकलेले काजीउरासान आत आले, साबणाचा वास घेऊन. त्यांनी चिगुसाला पाहिलं, मग चटईवरची टोपी पाहिली. पायातलं नीट काढायच्या आधीच त्यांनी लगबगीने पुढे येऊन ती उचलली.

"हे फडकं कुणी काढलं इथे? बूट पुसायचं आहे हे. सानाए, पाहुण्यांपुढे काहीही ठेवतेस."

"बाबा, पुरे."

चिगुसाने कपाळ चटईला टेकवलं. "काजीउरासान, मला माफ करा. तुम्ही सांगितलं होतं. माझ्याकडे लाल रंग तयार होता. मी झाकला."

"अहो, उठा, उठा. रंग अगदी तोच होता."

"नव्हता."

"माझं आता वय झालंय, माझ्या डोळ्याला सगळे रंग सारखेच," ते म्हणाले आणि टोपी पाठीमागे सरकवली. "एवढ्या लोकांसमोर मी सांगितलंय, हाच रंग. आता तुम्ही बदललात तर तुमचं नाव जाईल. कशाला? चहा घ्या. सानाए, चहा."

"मला बदलायचाय."

म्हातारा चटईवर बसला. केसांतून पाणी मानेवर उतरत होतं, ते त्याने पुसलं नाही.

"आईला नाही आवडायचं," तो म्हणाला, "आपल्यामुळे कुणाला मान खाली घालावी लागली तर."

चिगुसाने चहा घेतला, कारण न घेणं आणखी वाईट दिसलं असतं. उइरो त्यांनी तिच्यासमोरच कापला आणि पहिला तुकडा तिलाच दिला. तिने तो शेवटपर्यंत खाल्ला.

हाचियासाननी ऐकून घेतलं आणि कपाळ पुसलं. फिल्म आता कायमच्या दालनात लागणार होती. शेजारी भिंतीवर फलकही तयार होता: बाजारात आईची बाही धरून चाललेल्या मुलाचे आजचे शब्द, ‘अगदी हाच रंग.’ खाली काजीउरांचं नाव.

"हातच्या काकणाला आरसा कशाला, सेन्सेई? स्वतः मुलानंच सांगितलं."

"तुम्हाला माहीत आहे त्यांनी आधी काय सांगितलं होतं."

"मला माहीत आहे की त्यांनी नंतर काय सांगितलं. भर सभेत, माइकवर. आता आपण कोण त्यांना खोटं पाडणारे? त्यांना म्हणावं, लेखी द्या की मी खोटं बोललो. देतील?"

देणार नव्हते, हे दोघांनाही ठाऊक होतं. म्हाताऱ्याने तिची लाज राखण्यासाठी जे म्हटलं, तेच आता त्याच्या आईवरचं कुलूप झालं होतं. ते उघडायचं तर दोघांपैकी एकाला लोकांपुढे खोटं ठरावं लागणार होतं. चिगुसाने ठरवलं, आपणच ठरू. तेवढं धैर्य आपल्यात आहे असं वाटून तिला जरा हलकंसुद्धा वाटलं. खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटला. तो फार दिवस टिकला नाही.

दालनाच्या उद्घाटनाला तिला दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. पहिल्या रांगेत प्राध्यापक ओगिसो होते, त्यांच्या बाजूला काजीउरासान, मुलगी, आणि मांडीवर तेच बोचकं. या खेपेला गाठ पक्की होती. चिगुसा उभी राहिली आणि फलकाकडे बोट दाखवून म्हणाली, "हा रंग खोटा आहे. काजीउरासाननी मला लाल सांगितला होता. मी तो भरलाही होता. लोक हसतील या भीतीने मी तो झाकला. त्या दिवशी ते जे बोलले ते माझी अब्रू वाचवायला बोलले. चूक सगळी माझी आहे."

आणि ती खोल वाकली. आता मान वर केली की संपेल, असं तिला वाटलं.

तिने मान वर केली तेव्हा काजीउरासान उभे होते. सानाएचा हात धरून ते कसेबसे उठले होते, बोचकं खाली पडलं होतं. ते लोकांकडे वळले आणि वाकले, त्यांची कंबर जेवढी वाकत होती त्याहून जास्त.

"मी सगळ्यांसमोर खोटं बोललो," ते म्हणाले. "आपण सगळे वेळ काढून आला होतात. क्षमा असावी."

नव्वदी उलटलेला माणूस गुडघ्यांवर हात रोवून वाकून उभा होता आणि सरळ होत नव्हता. चिगुसाने स्वतःच्या लाजेचा हिशेब नीट केला होता. त्याच्या लाजेचा केलाच नव्हता. खरं बोलून उजळ माथ्याने बाहेर पडायची तिला घाई होती, आणि त्या घाईत तिने ज्याला वाचवायचं त्यालाच चारचौघांत वाकायला लावलं. जमीन दुभंगली असती तर ती आनंदाने आत गेली असती. जमीन फरशीची होती, चांगली घोटलेली, तिच्यात फक्त दिवे दिसत होते.

समारंभ कसाबसा आवरला. हाचियासान तिच्याशी बोलले नाहीत, नुसता घाम पुसत फिरत राहिले. चहाच्या टेबलाशी प्राध्यापक ओगिसो तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. आता सोलणार, तिला वाटलं.

"लाल नेन्नेको?" ते बिस्कीट चहात बुडवत म्हणाले. "चिक्कार असायची की. पोरींच्या जुन्या किमोनोतूनच तर शिवायचे. गल्लीत नावं ठेवायचे लोक, पण शिवायचे. मला विचारायचं होतंत."

चिगुसाने हाचियासानकडे पाहिलं. त्यांनी ऐकलं होतं. ते रुमाल घेऊन दुसऱ्या टोकाला गेले.

पुढच्या आठवड्यात फलक निघाला. आणि एका सकाळी चिगुसाच्या खोलीत काजीउरासान येऊन बसले, सानाए दुकान बंद ठेवून आली होती. ते स्वतःहून आले नव्हते. मुलीने आणलं होतं, आणि ते त्यांच्या बसण्यावरून कळत होतं, खुर्चीच्या अगदी कडेला, शाळेत बोलावलेल्या मुलासारखे. त्या वाकण्याबद्दल चिगुसाने माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात हलवला. "कंबर दुखत होती, एवढंच. मालिश केलं, बरी झाली."

त्यांनी गाठ सोडली. टोपी टेबलावर ठेवली आणि आपण होऊन शिवण उलटली. चिगुसाने दिवा जवळ ओढला. पडद्यावर बाजार थांबलेला होता, बाई पाऊल उचलून, मुलगा बाही धरून. तिने ते बटण दाबलं. तपकिरी गेला, खालचा लाल वर आला.

काजीउरासान पडद्याकडे बघत राहिले. मग ते तिच्याकडे वळले, किंचित वाकले आणि म्हणाले, "होय. अगदी हाच रंग."

तोच आवाज होता, तेच शब्द. चिगुसाचा हात यंत्रावरच राहिला. हे खरं होतं की पुन्हा तिच्यासाठी होतं, ते तिला कळेना, आणि विचारायला तोंड उरलं नव्हतं. या माणसाच्या शब्दावर विसंबायची सोय तिने स्वतःच्या हाताने घालवली होती. म्हणून तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. हातांकडे पाहिलं. उजव्या हाताचं बोट शिवणीत होतं, लाल पट्टीवर, आणि ते बोट ती पट्टी हळूच दिव्याखाली पुढे सरकवत होतं.

"बाबा," मागून सानाए म्हणाली.

म्हाताऱ्याने मान खाली घातली. कान लाल झाले त्याचे.

"आणखी थोडा," तो म्हणाला. "आणखी थोडा लाल होता."

चिगुसाने मान वर न करता रंग चढवला.